मूळ रूपाचें खूळ

हल्लीं सुशिक्षित मध्यमवर्गांत जुन्या सायकलींना चांगले दिवस आले आहेत. ज्या सायकली तीस-चाळीस वर्षें जिन्याखालीं किंवा माळ्यावर पडून होत्या, त्या आतां बाहेर निघूं लागल्या आहेत. आणि आजोबांची रॅले किंवा वडिलांची हर्क्यूलिस ‘मूळ रूपांत’ आणून दिवाणखान्यांत उभी करणें हें अभिरुचीचें लक्षण मानलें जाऊं लागलें आहे. वस्तु टाकून देण्यापेक्षां ती दुरुस्त करावी या बुद्धीचें आम्ही स्वागतच करतों. आमचें भांडण आहे तें ‘मूळ रूप’ या दोन शब्दांशीं. हे शब्द दिसतात निरुपद्रवी. पण त्यांच्या नांवाखालीं सध्यां जें चाललें आहे, त्यास जीर्णोद्धार म्हणावें कीं संहार म्हणावें, असा प्रश्न आम्हांस पडला आहे.

हा प्रश्न आम्हांस ग्रंथांत सांपडला नाहीं, घरांत सांपडला. शिरगांव आज बदलापूर शहरांत मिसळून गेलें आहे. पण आमच्या लहानपणीं तें खेडेंच होतें, आणि स्टेशन गांठावयाचें तर सायकल किंवा पाय हींच साधनें होतीं. आमच्या वडिलांनीं एक रॅले रोडस्टर जुनीच विकत घेतली, आणि पुढें तीस वर्षें ते तिच्यावरून स्टेशनापर्यंत जात व तेथून लोकल धरीत. या तीस वर्षांत ती सायकल जशीच्या तशी राहिली नाहीं. मूळचा कॅरियर तांदुळाच्या पोत्याखालीं वांकला, तेव्हां लोहारानें जाड सळयांचा नवा करून दिला. पुढच्या दांड्यावर आम्हां भावंडांसाठीं लहान सीट बसविली होती. ती गेली, पण तिच्या पट्ट्यांच्या दोन खुणा दांड्यावर राहिल्या आहेत. एका पावसाळ्यांत खालची नळी तडकली, ती मिस्त्रीनें पितळ वितळवून सांधली. तो सांधा अजून बोटाला लागतो. मागची रिम लुधियान्याची आहे. रंग हिरवा आहे, आणि तो हिरवा असण्याचें कारण इतकेंच कीं, एके वर्षीं घराच्या खिडक्या रंगविल्यावर डब्यांत थोडा रंग उरला होता.

दोन वर्षांपूर्वीं आम्हीं ही सायकल जुन्या सायकली नव्या करून देणाऱ्या एका नामांकित दुकानांत दाखविली. तेथील गृहस्थांनीं मोठ्या आस्थेनें यादी केली. कॅरियर भंगारांत द्यावयाचा. सायकलकराचा जुना बिल्ला उपटावयाचा. सांधलेली नळी बदलावयाची. दांडा गुळगुळीत करावयाचा. सारा रंग वाळूच्या फवाऱ्यानें उडवून वर भट्टींतला काळा रंग चढवावयाचा. सोनेरी रेघा आणि कंपनीचीं अक्षरें परदेशांतून मागवावयाचीं. शेवटीं ते म्हणाले, “सर, कारखान्यांतून निघाली तश्शी करून देतों.” आमच्या मनांत आलें, कारखान्यांतून निघाली तेव्हां ती आमची नव्हती.

आम्हीं सायकल परत आणली. आमच्या एका स्नेह्यानें मात्र त्याच सुमारास आपली सायकल अशाच दुसऱ्या एका दुकानांत दिली. तिच्या मागच्या चाकांत तीन गतींचा स्टर्मी-आर्चर हब होता. या हबाच्या कवचावर तो कोणत्या सालीं बनला याचे आंकडे ठोकलेले असतात. सायकलीचें वय ठरविण्यास याहून चांगलें साधन क्वचितच मिळतें. दुकानदारानें हब चकाकावा म्हणून तो पॉलिशच्या चाकावर इतका घासला कीं आंकडे पुसून गेले. सांगाड्याचा सारा रंग उडविला आणि मग तो काळा रंगविला, कारण जुन्या इंग्लिश सायकली काळ्याच असावयाच्या असा त्याचा समज. सायकल घरीं आली, पाहुण्यांनीं वाखाणली. पुढें दिवाळीच्या साफसफाईंत माळ्यावर तिचें जुनें चेनकव्हर सांपडलें. तेलामातीचा थर खरवडल्यावर आंतून गर्द तांबडा रंग निघाला. म्हणजे जें मूळ रूप परत आणलें म्हणून पैसे मोजले, तें त्या सायकलीचें कधींच नव्हतें. आणि खरी साक्ष देणारा रंगाचा कणही सांगाड्यावर उरला नव्हता.

यावर कोणी म्हणेल, हा कारागिराचा अडाणीपणा झाला; जाणत्या कारागिराच्या हातून असें घडणार नाहीं. हें आम्हांस मान्य आहे. दिव्याच्या पट्टीखालीं किंवा पुढच्या बिल्ल्यामागें जुना रंग जपलेला असतो, तो आधीं पाहून मग ब्रश उचलणारे जाणकार आहेत. परंतु आमचा आक्षेप निष्काळजीपणावर नाहीं, ध्येयावरच आहे. रंग बरोबर ओळखला, रेघा हुबेहूब काढल्या, तरी आक्षेप कायमच राहतो.

‘मूळ’ म्हणजे कोणाचें मूळ? नॉटिंगहॅमच्या कारखान्यांत ज्या दिवशीं सायकलीवर शेवटचा हात फिरला, तो दिवस मूळ धरावयाचा असें या मंडळींनीं ठरविलें आहे. त्या दिवसानंतर जें जें घडलें ती भेसळ! आतां आमच्याच सायकलीचा हिशेब करून पाहा. नळ्या, हँडल, ब्रेकच्या सळया, चामड्याची बैठक हें विलायतेचें. कॅरियर, पितळेचा सांधा, रिम, हिरवा रंग, बिल्ला हें आमचें. मूळ रूपाच्या झाडूनें जें झाडून निघतें तें सारें एकाच बाजूचें आहे. राज्य जाऊन पाऊणशें वर्षें होऊन गेलीं, तरी साहेबानें केलें तें अस्सल आणि आमच्या लोहारानें केलें ती खोट, हा निवाडा आम्ही स्वखुशीनें, वर पदरचे पैसे मोजून, देत आहों. इंग्रजी शिकलेल्या वर्गाची ही जुनी खोड आहे. आम्हीही त्याच वर्गांतले, म्हणून ती आम्हांस चांगली ठाऊक आहे. गंमत अशी कीं, ज्या नॉटिंगहॅमवर एवढी निष्ठा, तेथील रॅलेचें उत्पादन २००२ सालींच थांबलें. आमच्या स्टेशनच्या वाटेवरचा मिस्त्री अजून दुकान उघडतो.

शिवाय ही तथाकथित भेसळ म्हणजे नुसतीं गरिबीचीं ठिगळें नव्हेत. मागची रिम देशी कां, याचें उत्तर देशाच्या इतिहासांत आहे. स्वातंत्र्यानंतर परदेशी सायकलींच्या आयातीवर निर्बंध आले. मद्रासजवळ अंबत्तूर, बंगालांत आसनसोल, तेव्हांच्या पंजाबांत सोनीपत आणि लुधियाना येथें देशी कारखाने उभे राहिले. आणि झिजलेल्या विलायती भागाची जागा देशी भागानें घेतली. ती रिम फेंकून जुन्या बाजारांतली विलायती रिम बसविणें म्हणजे पुस्तकांतलें एक प्रकरण फाडून टाकणें होय. महाराष्ट्रानें तर सायकलीच्या दुकानाला विशेष मान दिला पाहिजे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईंत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिकवीत असतां किर्लोस्कर बंधूंचा उद्योग बेळगांवांत सायकलींच्या दुकानानें सुरू झाला, तो १८८८ सालीं. पुढें कडबा कापण्याचें यंत्र, लोखंडी नांगर आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी. परक्याच्या यंत्राला हात लावण्याचें भय ज्यांचें गेलें, त्यांनींच पुढें स्वतःचीं यंत्रें केलीं. आमच्या कॅरियरचा लोहार कांहीं कारखानदार झाला नाहीं; पण विलायती वस्तु आपल्या पोत्याच्या मापाची करून घेण्याचा धीर त्याच जातीचा आहे. तो धीर भंगारांत घालावयाचा आणि कंपनीचीं अक्षरें मात्र टपालानें मागवावयाचीं, याला आम्ही सौंदर्यदृष्टि म्हणण्यास तयार नाहीं.

येथें एखादा व्युत्पन्न आक्षेपक आम्हांस नाथांचा दाखला देईल. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ सालीं, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली; मागून शिरलेले पाठ काढून टाकले. मग मूळाचा शोध घेणें हें पुण्यकर्म नव्हे काय? दाखला मोठा आहे, पण तो येथें लागू पडत नाहीं. ज्ञानेश्वरीला एक कर्ता आहे, आणि त्याच्या शब्दांत दुसऱ्यानें आपले शब्द मिसळणें हा अपराध आहे. सायकलीला असा एक कर्ता नाहीं. ती वापरण्यासाठीं घडविलेली वस्तु. टायर झिजणार, साखळी लांबणार, छर्रे खराब होणार, तिच्यांत पुढचा हात पडणार, हें कारखानदारही गृहीत धरून चालला होता. म्हणून तर त्यानें ती खिळवून न टाकतां नटबोल्टांनीं जोडली.

आणि पाठशुद्धीचीच उपमा घ्यावयाची तर ती पुरती घ्यावी. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम हातीं घेतलें. १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर तिचे प्रमुख संपादक होते. काम पुरें झालें तें १९६६ सालीं. या पंडितांनीं शेंकडों पोथ्या ताडून एक संहिता निवडली. पण जे पाठ नाकारले, ते पानाच्या तळाशीं आणि परिशिष्टांत छापून ठेविले. उद्यां कोणाला त्यांचा निर्णय चुकीचा वाटला, तर फिर्याद करावयास पुरावा शाबूत आहे. आमचे सायकलसंपादक काय करतात? एक पाठ निवडतात आणि बाकीच्या साऱ्या पोथ्या जाळून टाकतात. वाळूचा फवारा ही पोथ्या जाळण्याचीच एक रीत आहे. तिच्यांतून मागें फिरण्यास वाट नाहीं.

इमारतींच्या बाबतींत हें शहाणपण युरोपास फार पूर्वीं आलें. जुन्या इमारतीस नवें मूळ रूप देणें हा तिचा नाशच होय, असें रस्किननें १८४९ सालीं बजावलें, आणि १८७७ सालीं विल्यम मॉरिस व त्याचे सहकारी यांनीं लंडनमध्यें त्यासाठीं संस्थाच काढली. पण इतक्या दूर जाण्याचें कारण नाहीं. आमच्या शेजारच्या अंबरनाथास शिलाहारांच्या काळचें, १०६० सालचें शिवमंदिर उभें आहे. त्याचें शिखर आज पूर्ण नाहीं. एखाद्या उत्साही गृहस्थानें सिमेंटचें शिखर बांधून ‘मूळ रूप’ पुरें करण्याचा प्रस्ताव मांडला, तर आमचे हेच वाचक खवळून उठतील. मग देवळाला जो न्याय, तो सायकलीला कां नसावा? सायकल लहान आहे म्हणून? कीं तिच्यावर राजाचा शिलालेख नसून लोहाराच्या हातोड्याचे ठोके आहेत म्हणून?

आतां दोन आक्षेपांचा निकाल लावूं. पहिला असा कीं, मग गंजही जतन करावा काय? मुळींच नाहीं. उल्हासेच्या खोऱ्यांतील पावसाळा ज्यानें काढला आहे, त्याला गंज म्हणजे काय हें सांगावयास नको. गंज हा कोणाच्या हाताचें काम नव्हे, आणि तो थांबविला नाहीं तर पुढें जतन करावयास कांहीं उरत नाहीं. माणसानें विचारपूर्वक केलेला बदल आणि हयगयीनें झालेला नाश यांत भेद करतां येत नसेल, तर त्यानें जुन्या वस्तूंच्या वाटेस न जावें.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कारखान्यांतून निघालेली सायकल कशी दिसे, हें पुढच्या पिढीस कळावें कीं नाहीं? अवश्य कळावें. पुण्यांत विक्रम पेंडसे यांनीं २०१७ सालीं सायकलींचें संग्रहालय उघडलें. दुसऱ्या महायुद्धांत विमानांतून उतरणाऱ्या सैनिकांसाठीं बनविलेली बी. एस. ए.ची घडीची सायकल तेथें पाहावयास मिळते. संग्रहांत एखाद्या घाटाची वस्तु तिच्या पहिल्या रूपांत दाखविणें हें योग्यच आहे, कारण तेथें प्रश्न त्या घाटाचा असतो. घरांतल्या सायकलीचा प्रश्न निराळा. तशा सायकली हजारोंनीं बनल्या. त्यांचें रूप चित्रांवरून व जुन्या किंमतपत्रकांवरूनही समजतें. पण एका विशिष्ट कुटुंबानें, एका विशिष्ट गांवीं, तिचें काय केलें, हें सांगणारा कागद दुसरा नाहीं. तो त्या सायकलीवरच लिहिलेला आहे.

मग करावें तरी काय? आमचें उत्तर साधें आहे. आधीं सायकल चालती करावी. मालक मेल्यावर भिंतीला टांगावयाची ती दुरुस्ती नव्हे, शृंगार आहे. टायर, ट्यूबा, ब्रेकचे रबर, छर्रे, साखळी हे भाग खुशाल नवे घालावे. सांगाडा रॉकेलनें पुसावा, गंज हातानें काढावा, तेलमेण लावावें. हात लावण्यापूर्वीं फोटो काढून ठेवावे. जो भाग काढावा तो टाकूं नये. चिठ्ठी बांधून पिशवींत ठेवावा. जें केलेलें परत फिरवितां येणार नाहीं, तें करूं नये. आणि घरांत वृद्ध माणसें असतील तर प्रत्येक खुणेचा वृत्तान्त त्यांच्याकडून लिहून घ्यावा. हा अवजारांच्या पेटींतला सर्वांत आधीं संपणारा जिन्नस आहे.

आम्हीं याच रीतीनें आमच्या वाटेवरच्या मिस्त्रीकडून काम करून घेतलें. पितळेचा सांधा काढावा काय, असें आम्हीं त्यास मुद्दाम विचारलें. तो म्हणाला, “सर, याला हात लावूं नका. नळी दुसरीकडे मोडेल, इथं मोडायची नाहीं.” सायकल आतां चालते. ती आमच्या इमारतीच्या वाहनतळावर उभी असते, कारण शिरगांवचें जुनें घर पाडून त्या जागीं इमारत झाली, आणि घराबरोबर त्या हिरव्या खिडक्याही गेल्या. त्यांचा रंग आतां जगांत फक्त या एका सायकलीवर आहे. तो उडवून तिला मूळ रूप देऊं इच्छिणाऱ्यांनीं आधीं आम्हांस त्या खिडक्या आणून दाखवाव्या. मग आम्ही नॉटिंगहॅमच्या काळ्या रंगाचा अवश्य विचार करूं.