सरहद्दीवरून दिसणारे साम्राज्य

अंतराळातील साम्राज्यांच्या, आकाशगंगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालणाऱ्या युद्धांच्या आणि सहस्रकांच्या हिशेबाने मोजल्या जाणाऱ्या राजवटींच्या ज्या दीर्घ कादंबरीमाला इंग्रजीत गेली ऐंशी-नव्वद वर्षे लिहिल्या जात आहेत, त्यांच्याकडे आपला सुशिक्षित वाचक अद्यापही पोरवयातील करमणूक म्हणूनच पाहतो. आणि जो पुस्तकांच्या बाबतीत स्वतःस गंभीर समजतो, तो तर त्यांचे नावही घेत नाही. या समजुतीला माझी हरकत आहे. ती मी नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडी या गावाहून नोंदवीत आहे, आणि या वाङ्मयप्रकाराचे मर्म राजधानीत बसून वाचणाऱ्यापेक्षा सरहद्दीवर बसून वाचणाऱ्यास लवकर उमगते, असे माझे मत आहे.

आरंभीच्या काळातील थाळनेरचे फारुकी ठाणे वगळले, तर तापी आणि सातपुडा यांच्यामधील या मुलखाने आपल्या अंगणात राजधानी अशी पाहिली नाही. दूरच्या राजधान्यांचे हुकूम मात्र त्याने शतकानुशतके ऐकले. फारुकी सुलतानांचा अंमल येथे दोन शतकांहून अधिक काळ चालला. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि खानदेश हा मोगलांचा सुभा झाला. पुढे मराठ्यांचे सरदार आले, १८१८ नंतर कंपनी सरकारचे कलेक्टर आले. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे होऊन हा भाग पश्चिम खानदेशात पडला, मग तो धुळे जिल्ह्यात मोजला गेला, आणि १ जुलै १९९८ पासून तो नंदुरबार जिल्ह्यात आहे. शेत तेच राहिले, नदी तीच राहिली, केवळ जमाबंदीच्या कागदावरील शिक्का बदलत गेला. ज्याच्या गावाची हकीकत अशी आहे, त्याला आयझॅक असिमोव्ह यांच्या ‘फाउंडेशन’ मालेतील दुसरा खंड, ‘फाउंडेशन अँड एम्पायर’, वाचताना आपण परक्या प्रदेशात आलो आहोत असे क्षणभरही वाटत नाही.

या मालेची कल्पना असिमोव्हना १९४१ मध्ये सुचली, आणि ती सुचण्यास गिबनचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरील प्रचंड इतिहासग्रंथ कारण झाला. पहिली कथा मे १९४२ मध्ये एका अमेरिकन मासिकात आली. मासिकातील कथा एकत्र होऊन १९५१ ते १९५३ या काळात तीन पुस्तके झाली. १९६६ मध्ये सर्वकालीन श्रेष्ठ माला म्हणून त्यांना ह्यूगो पुरस्कार मिळाला. आणि सुमारे तीस वर्षांच्या खंडानंतर, १९८२ मध्ये, लेखकाने तीच कथा पुन्हा हाती घेऊन ती आयुष्याच्या अखेरीपर्यंत चालविली. शेवटचा खंड १९९३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. कथेचे सूत्र असे: बारा हजार वर्षे टिकलेले आकाशगंगेचे साम्राज्य आतून पोखरले गेले आहे, हे हॅरी सेल्डन नावाच्या गणितज्ञास दिसते. व्यक्तीचे वर्तन सांगता येत नसले तरी कोट्यवधींच्या समुदायाचे सांगता येते, या तत्त्वावर उभारलेल्या आपल्या शास्त्राने तो तीस हजार वर्षांच्या अंधारयुगाचे भाकीत करतो. आणि तो काळ एका सहस्रकावर आणावा या हेतूने आकाशगंगेच्या अगदी कडेला, धातूंचे दारिद्र्य असलेल्या टर्मिनस नावाच्या ग्रहावर, विश्वकोश रचण्याच्या निमित्ताने विद्वानांची एक वसाहत, म्हणजेच ‘फाउंडेशन’, स्थापन करतो.

विश्वकोशाचे काम राजधानीपासून दूर, लहानशा गावी चालावे, ही गोष्ट मराठी वाचकास नवलाची वाटू नये. १९६० मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचा संकल्प झाला, तेव्हा त्याचे कार्यालय मुंबईत न थाटता कृष्णाकाठी वाईस थाटले गेले. पहिला खंड निघण्यास १९७६ साल उजाडले, आणि तर्कतीर्थांच्या हयातीत ते कार्य पुरे झाले नाही. त्याही आधी डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी राजाश्रयावाचून २३ खंडांचा ज्ञानकोश सिद्ध केला होता. ज्या कामाचा शेवट आपल्याला दिसणार नाही ते निष्ठेने आरंभणे ही सेल्डनची वृत्ती आहे, आणि या वृत्तीची माणसे आपल्या भाषेत होऊन गेली आहेत, ही जाणीव ठेवून ती पाने वाचली की त्यांतील कल्पिताला एकदम वजन येते.

दुसऱ्या खंडाच्या पूर्वार्धात बेल रिओझ नावाचा तरुण, कर्तबगार आणि निष्ठावान सेनापती मरणोन्मुख साम्राज्याच्या वतीने फाउंडेशनवर चालून जातो. तो एकामागून एक ग्रह जिंकतो, त्याचा वेढा आवळत जातो, आणि विजय हातातोंडाशी आला असता त्याला राजधानीकडून परतीचा हुकूम येतो, अटक होते आणि देहान्त शासन मिळते. याचा उलगडा ग्रंथातील एक वृद्ध उमराव करून देतो. दुर्बळ सेनापतीकडून धोका नव्हताच. बादशहा दुर्बळ असता, तर प्रबळ सेनापती सरहद्द सोडून सिंहासनाकडेच वळला असता. आणि बादशहा प्रबळ असेल, तर प्रबळ सेनापतीचे यश हेच त्याला संकट वाटणार. तेव्हा फाउंडेशनने काहीही केले असते किंवा काहीही केले नसते, तरी निकाल एकच होता. हे वाचताना मला मिर्झाराजे जयसिंगाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. १६६५ मध्ये पुरंदरचा तह घडवून आणणारा हा मोगलांचा सर्वांत समर्थ सरदार विजापूरच्या स्वारीतील अपयशानंतर आणि शिवाजी महाराज आग्ऱ्याहून निसटल्यानंतर औरंगजेबाच्या मर्जीतून उतरला, दक्षिणेची सुभेदारी शाहजाद्याच्या हवाली करून परत निघाला, आणि १६६७ मध्ये वाटेतच, आमच्या खानदेश सुभ्याच्या बऱ्हाणपुरात, त्याचा अंत झाला. फिलाडेल्फियात बसून लिहिणाऱ्या त्या लेखकासमोर रोमच्या आणि बायझंटियमच्या सेनापतींचे दाखले होते. परंतु त्याने मांडलेला न्याय तापीकाठच्या इतिहासालाही लागू पडतो, आणि उत्तम कल्पित इतिहासाची माझी कसोटी हीच आहे.

मात्र असिमोव्ह येथेच थांबले असते, तर ही माला एका गणिती सिद्धान्ताची उदाहरणे होऊन राहिली असती. त्यांची थोरवी ही, की त्याच खंडाच्या उत्तरार्धात त्यांनी आपलाच सिद्धान्त मोडून दाखविला. ‘म्यूल’ नावाचा एक विलक्षण मनुष्य अवतरतो, इतरांच्या भावना बदलण्याची शक्ती जन्मतःच घेऊन आलेला, आणि समुदायांचे गणित त्याच्यापुढे लंगडे पडते. तीनशे वर्षांपूर्वी मृत झालेल्या सेल्डनची आधीच मुद्रित करून ठेवलेली प्रतिमा ठरलेल्या दिवशी प्रकट होते, सर्व पुढारी आशेने गोळा झालेले असतात, आणि ती प्रतिमा शांतपणे एका अशा यादवीविषयी बोलू लागते, की जी घडलेलीच नाही. ऐकणारे परस्परांकडे पाहू लागतात, आणि तेवढ्यात शत्रूची जहाजे नगरावर येतात. द्रष्ट्याच्या वाणीवर विसंबलेल्या समाजाचे पाय पोटात जाण्याचा तो प्रसंग मी या प्रकारच्या वाङ्मयातील सर्वश्रेष्ठ प्रसंगांत गणतो. म्यूल कोण हे रहस्य ज्यांनी अद्याप वाचले नाही त्यांच्यासाठी मी राखून ठेवतो. एवढेच सांगतो, की अखेरीस त्याला अडविणारी शक्ती सैन्यात सापडत नाही, ती एका साध्या स्त्रीच्या सावध बुद्धीत सापडते.

इतिहास समुदायांच्या ओघाने घडतो की एखाद्या क्षणाने, हा प्रश्न मराठी माणूस १४ जानेवारी १७६१ पासून स्वतःला विचारीत आला आहे. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड पानिपतापर्यंतच्या पत्रव्यवहाराचाच काढला, आणि त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी त्या एका लढाईवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्या लढाईत विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? या प्रश्नातून डॉ. जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा निर्माण केली, जिच्यातील इतिहासाचा प्राध्यापक एका अशा मुंबईत जाऊन पोहोचतो, की जेथे ती गोळी चुकलेली आहे आणि पुढचा सारा इतिहास निराळा झालेला आहे. असिमोव्हचा बेल रिओझ आणि नारळीकरांचे गंगाधरपंत यांना समोरासमोर ठेवून वाचावे. एकाची कथा म्हणते की काहीही केले तरी निकाल हाच. दुसऱ्याची दाखविते की एका गोळीच्या दिशेवर शतके अवलंबून असतात. मी स्वतः नारळीकरांच्या बाजूचा आहे. ज्या वर्षी सेल्डनची पहिली कथा अमेरिकेत छापली गेली, त्याच १९४२ च्या ९ सप्टेंबरला नंदुरबारच्या रस्त्यावर शिरीषकुमार मेहता हा शाळकरी वयाचा मुलगा आपल्या बालसहकाऱ्यांसह पोलिसांच्या गोळीबारात पडला. समुदायांच्या गणितात त्याच्यासारख्यांना स्थान नसते. या जिल्ह्याच्या स्मरणात ते आहे.

या मालेविषयी माझा खरा आक्षेप पुढे येतो. प्रकरणांच्या आरंभी कल्पित विश्वकोशातील उतारे दिलेले असतात, आणि साम्राज्यातून फुटून निघालेल्या कडेच्या राज्यांना ग्रंथात सहजपणे रानटी म्हटलेले असते. ज्या जिल्ह्यात २०११ च्या शिरगणतीप्रमाणे शेकडा ६९ लोक आदिवासी आहेत, तेथील वाचकाने हा शब्द मुकाट्याने पुढे जाऊ देऊ नये. १८२५ मध्ये कंपनी सरकारने जेम्स आउट्रमच्या हाताखाली खानदेशात भिल्लांचे पथक उभारले, त्या काळाचे सरकारी दप्तर उघडले तर सातपुड्यातील भिल्ल हे लुटारू, उपद्रवी, बंदोबस्तास पात्र असेच नोंदलेले आढळतात. त्यांची जंगले, त्यांचे घाट आणि त्यांचे हक्क कोणी घेतले याची नोंद त्याच लेखणीने करावी, ही अपेक्षाच व्यर्थ. भिल्ल आणि पावरा समाजांत उत्पत्तीच्या कथा रात्रीच्या रात्र गाऊन सांगण्याची परंपरा आहे; आकाशगंगेच्या त्या कोशात अशा गाण्याला जागा नाही. हा दोष एकट्या असिमोव्हचा नव्हे, गिबनपासून चालत आलेल्या साऱ्या साम्राज्यकथेचा आहे, आणि म्हणूनच ही कथा आता दुसऱ्या बाजूने, कडेवरून, लिहिली जाणे मला अगत्याचे वाटते.

बाकीचे दोष लहान आहेत. पात्रे कित्येकदा वादविवादापुरती जगतात, पहिल्या खंडात स्त्रिया जवळजवळ नाहीत, आणि त्या काळची विज्ञानसामग्री आज जुनी दिसते.

आता आपल्याकडे पाहावे. ज्यूल व्हर्नची चंद्रलोकची सफर ‘केरळ कोकिळ’ मासिकाने मराठीत आणली, तेव्हा विसावे शतक नुकते उगवत होते. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न आणि वेल्स मुलांच्या हाती दिले. १९७४ मध्ये ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने धाडलेली नारळीकरांची ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली आली. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी तो प्रवाह वाढविला. पण स्पर्धा आणि दिवाळी अंक हे या वाङ्मयाचे दोन आश्रयदाते ठरल्यामुळे ते कथेच्या मापानेच वाढले. ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, लोंढे आणि चिंतामणी देशमुख यांची ‘देवांसि जिवे मारिले’ अशा कादंबऱ्या झाल्या. त्यांतील प्रत्येक आपापल्या जागी पूर्ण होऊन थांबली. एकाच कल्पित विश्वाला वीस-तीस वर्षे धरून राहणारी, पिढ्या मोजणारी, आपलेच सिद्धान्त पुढच्या खंडात मोडणारी माला आपल्याकडे रुजली नाही. वाचक नव्हता म्हणावे, तर हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणुकी’तील क्रमशः कादंबऱ्यांची वाट पाहणारा, बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार शेकडो पुस्तकांतून वाचणारा, आणि चातुर्मासात पांडवप्रतापाचे अध्याय न चुकता ऐकणारा समाज हाच होता.

तेव्हा माझे म्हणणे दोन गोष्टींपुरते आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली अनुदान घेणाऱ्या ग्रंथालयांनी, विशेषतः आमच्यासारख्या जिल्ह्यांतील ‘क’ आणि ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयांनी, मालेतील एखादा सुटा खंड घेण्याचा शिरस्ता सोडून अशी माला सबंध घ्यावी आणि तरुण वाचकांना ती क्रमाने द्यावी. आणि वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांनी, ज्यांच्यापाशी जागा आणि वाचक दोन्ही आहेत, एखाद्या नव्या लेखकाला दोन-तीन वर्षांचा अवकाश देऊन त्याच्याकडून असे विश्व क्रमशः लिहवून घ्यावे. तो लेखक या भागातला निघावा, अशी माझी इच्छा आहे. असिमोव्हच्या साम्राज्यात सुमारे अडीच कोटी वसलेले ग्रह आहेत आणि सर्वांचे व्यवहार बहुधा एकाच भाषेत चालतात. आमच्या आठवडे-बाजारात एका सकाळी अहिराणी, गुजरी, भिली, पावरी, मराठी आणि गुजराती कानावर पडते, आणि सौदा पुष्कळदा दोन भाषा जाणणाऱ्या तिऱ्हाइताच्या मध्यस्थीने होतो. अशा बाजारात वाढलेला लेखक आकाशगंगा रचू लागला, तर तिच्यात सेनापतींच्या बरोबरीने दुभाष्यांनाही कर्ते स्थान मिळेल. आणि विश्वकोशातील नोंद लिहिण्यापूर्वी तो कोशकाराला कडेच्या ग्रहावरील लोकांकडे विचारपूस करण्यास पाठवील.