कॉलेजचे खाते आणि आपला बांध



दौंड तालुक्यातील भीमाकाठच्या एका वाचक-भावाचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा पुण्यास वसतिगृहात राहून शिकतो. त्याच्या कॉलेजने म्हणे ‘कार्बन न्यूट्रल’ व्हायचे ठरविले आहे. त्यासाठी पालकांकडे एक संमतीपत्र पाठविले आहे. आपल्या बांधावर कॉलेज दोनशे रोपे देईल, ती आपण लावून जगवायची आणि त्यांची नोंद कॉलेजच्या खात्यात व्हायची, असा त्याचा मतलब. भाऊ विचारतात, “साहेब, हे कार्बनचे प्रकरण काय आहे? मुलगा म्हणतो सही करा, घरची मंडळी म्हणते कागदावर सही करायची नाही. मी कोणाचे ऐकू?”

प्रश्न एका घरचा असला तरी असे कागद आता शिरूर-दौंडकडील अनेक घरांत येतील. म्हणून या वेळी त्याचाच विचार करू.

कर्ब हा शब्द आपल्याला नवा नाही. माती परीक्षणाच्या पत्रिकेत ‘सेंद्रिय कर्ब’ असा रकाना असतो. त्यात अर्ध्या टक्क्याच्या खाली आकडा आला की जमीन भुकेली आहे असे आम्ही सांगतो. तोच कर्ब हवेत कर्बवायूच्या रूपाने असतो. पीक तो हवेतून घेते, काड, पाने, मुळे यांत साठविते. ते कुजले किंवा जळले की तो पुन्हा हवेत जातो. हे चक्र युगानुयुगे चालू आहे. यंदाचे पीक यंदा खाल्ले, त्यात काही बिघडत नाही.

बिघडते ते दगडी कोळसा आणि खनिज तेल यांमुळे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींनी आणि जीवांनी जमिनीत पुरून ठेवलेली ती ठेव आहे. चंद्रपूर, कोराडी, परळीच्या वीजकेंद्रांत कोळसा जळतो, गाडीत डिझेल जळते, तेव्हा ती ठेव मोडली जाते आणि हवेत कर्बवायू वाढत जातो. उष्णता वाढते, पाऊस बेभरवशाचा होतो. त्याचा फटका कोणाला बसतो, हे ऐन काढणीत अवकाळी सोसलेल्या कांदा उत्पादकाला मी सांगायला नको.

म्हणून २०२१ साली ग्लासगो येथील जागतिक परिषदेत भारताने २०७० पर्यंत हा जमाखर्च शून्यावर आणण्याचे जाहीर केले. कर्बसमतोल म्हणजे एवढेच. हवेत जितका सोडला तितका परत धरला. विद्यापीठे आणि कॉलेजेही आता या वाटेने निघाली आहेत. कॉलेजांचे मूल्यमापन करणारी नॅक ही संस्थादेखील ऊर्जा, पाणी, कचरा यांचे तुम्ही काय करता, हे विचारत आली आहे. आपल्या भागातील बहुतेक कॉलेजे १९४९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाशी, म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जोडलेली आहेत. गणेशखिंडीत चांगला पायंडा पडला तर तो पुणे, अहिल्यानगर, नाशिक जिल्ह्यांतील गावोगावच्या कॉलेजांपर्यंत पोचू शकतो.

परंतु कोणतेही कर्ज फेडण्याआधी ते किती आहे हे पाहावे लागते. कॉलेजचे खाते कसे मांडावयाचे ते उदाहरणाने पाहू.

समजा, दोनशे मुलांचे एक वसतिगृह आहे आणि तेथे रोज १०० युनिट वीज लागते. वर्षाचे ३६,५०० युनिट झाले. आपल्याकडील एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कर्बवायू हवेत जातो. म्हणजे वर्षाला सुमारे २५ टन. आता हे झाडांनी फेडावयाचे म्हटले, तर चांगले वाढलेले एक झाड वर्षाला ढोबळमानाने २० किलो कर्बवायू धरते. जात, वय, पाणी यांप्रमाणे आकडा बदलेल, पण अंदाजाला पुरेसा आहे. म्हणजे सुमारे १,३०० झाडे झाली. पाच-पाच मीटरवर लावली तर आठ एकर जमीन गुंतली. आणि रोप काही लावल्या दिवशी वीस किलो धरत नाही. त्यासाठी ते आधी जगावे लागते आणि मोठे व्हावे लागते.

तीच १०० युनिट वीज छपरावरील सौर पॅनेलमधून घ्यायची तर? एक किलोवॅटच्या पॅनेलपासून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. तेव्हा २५ किलोवॅट पुरे. त्यासाठी बिनसावलीचे अडीच हजार चौरस फूट छप्पर लागते, म्हणजे जेमतेम सव्वादोन-अडीच गुंठे. एकीकडे आठ एकर, दुसरीकडे अडीच गुंठे, आणि तेही छप्पर!

आता वाहने पाहू. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो आणि डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कर्बवायू होतो. कॉलेजात पाचशे दुचाक्या येतात, प्रत्येकीला रोज अर्धा लिटर पेट्रोल लागते आणि दोनशे दिवस कॉलेज भरते असे धरा. पन्नास हजार लिटर पेट्रोल आणि ११५ टन कर्बवायू झाला. वसतिगृहाच्या विजेच्या चौपटीहून अधिक! तेव्हा जे कॉलेज एस.टी.च्या वेळेप्रमाणे तास लावते, दौंडहून रेल्वेने येणाऱ्या मुलांची सोय पाहते, ते एकही झाड न लावता मोठे काम करते.

तिसरे खाते खानावळीचे. तेथील गॅस एक किलो जळला की तीन किलो कर्बवायू होतो आणि उरलेले अन्न उकिरड्यात कोंडून कुजले की मिथेन होतो. मिथेन कर्बवायूपेक्षा सुमारे अठ्ठावीस पट तापदायक. तोच बायोगॅसच्या टाकीत धरला तर खानावळीत जळतो आणि गॅसची टाकी वाचते. पुण्यातील डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने खरकट्यावर चालणारे आटोपशीर संयंत्र तयार केले आणि त्याबद्दल २००६ साली तिला इंग्लंडचे ॲश्डेन पारितोषिक मिळाले. तेव्हा उपाय घरचाच आहे, परदेशातून आणावयाचा नाही.

चौथे खाते सांडपाण्याचे, आणि ते तर थेट आपले आहे. पुण्याचे पाणी मुळा-मुठेतून रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळते आणि पुढे आपल्या मोटारींत येते. एखाद्या वसतिगृहाने आपले सांडपाणी शुद्ध करून बागेला वापरले, तर तितकी घाण खालच्या गावांची चुकते.

म्हणून क्रम असा हवा : आधी खर्च मोजावा, मग उधळपट्टी थांबवावी, मग कोळशा-डिझेलच्या जागी ऊन आणि बायोगॅस आणावा, आणि एवढे करूनही जे उरेल त्यासाठी झाडे. अंथरूण पाहून पाय पसरावे ही आपली शिकवण आहे. पाय पसरून ठेवून शेजाऱ्याकडे अंथरूण मागावे, अशी नाही.

हे मी कोणाला हिणवण्यासाठी सांगत नाही. चूक माझ्याही पदरी आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी दर पावसाळ्यात वृक्षारोपणाला जात असे. एका शैक्षणिक संस्थेच्या माळावर लागोपाठ तीन वर्षे, जवळजवळ त्याच खड्ड्यांत, आम्ही रोपे लावली. पाहुणे बदलले, खड्डे तेच राहिले. लावलेल्या रोपांचा आकडा मी दरवर्षी वर कळवला. जगलेली किती, हे मला कोणी विचारले नाही आणि मीही मोजले नाही. आज कर्बाच्या खात्यात असेच आकडे चढू लागले, तर कागदावर समतोल होईल आणि ऊन मात्र वाढतच राहील.

मग कॉलेजने गावाशी नाते जोडू नये काय? अवश्य जोडावे. त्याचा धडा आपल्या शिरूर तालुक्यातच आहे. पाबळला मस्तानीची समाधी आहे, तशीच एक शाळाही पाहण्यासारखी आहे, ती म्हणजे विज्ञान आश्रम. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत शिकलेले शास्त्रज्ञ. मुंबईच्या हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातील मोठी जागा सोडून त्यांनी मुद्दाम पाबळसारखे दुष्काळी गाव निवडले आणि १९८३ साली हा आश्रम सुरू केला. तेथे मुले हाताने काम करून शिकतात. शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य असे चार विभाग. विहिरीची जागा पाहण्यासाठी जमिनीची परीक्षा करणे, घुमटाकार घरे बांधणे, असली गावाच्या उपयोगाची कामे हाच अभ्यासक्रम. २००२ साली अमेरिकेच्या एम.आय.टी. या नामांकित संस्थेने आपल्या देशाबाहेरची पहिली ‘फॅब लॅब’ येथे उभी केली. कलबाग २००३ साली गेले, काम चालू आहे. कर्बसमतोलाचा दाखला म्हणून मी पाबळचे नाव घेत नाही. शिक्षणाची जागा आणि गाव एकमेकांच्या उपयोगी कसे पडतात, ते तेथे दिसते म्हणून घेतो. गावाची गरज आधी, पाटी नंतर.

परदेशातील एक उदाहरण गोठा असणाऱ्या मायभगिनींना आवडेल. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात मिडलबरी नावाचे कॉलेज आहे. त्याने २००७ साली ठरविले आणि २०१६ अखेर कर्बसमतोल साधल्याचे जाहीर केले. इमारती तापविण्यासाठी तेलाऐवजी लाकडाचे तुकडे वापरले आणि स्वतःच्या मालकीचे जंगल राखून हिशोबात धरले. त्यानंतर २०२१ पासून शेजारच्या सॅलिसबरी गावातील मोठ्या गोठ्याचे शेण आणि अन्नकचरा यांपासून झालेला वायू ते विकत घेते. शब्द ध्यानात घ्या, विकत घेते. शेतकऱ्याकडून फुकट संमती घेत नाही.

आता भाऊंच्या सहीकडे वळू. माझा सल्ला असा की नकार देऊ नका, पण सहीपूर्वी मुलाकरवी कॉलेजला चार प्रश्न विचारा.

पहिला : कॉलेजचा वर्षाचा कर्ब किती, आणि त्यातील किती स्वतःच्या आवारात कमी केला? हा आकडा नसेल तर आधी तो मांडा म्हणावे.

दुसरा : रोपे जगविण्याचा खर्च, पाणी आणि कुंपण कोणाचे? मेलेल्या रोपांच्या जागी नवी कोण देणार?

तिसरा : झाडाचे फळ, पाला, लाकूड कोणाचे, आणि अडचण आली तर झाड काढता येईल काय? काही जातींच्या झाडांना १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणे परवानगी लागते, म्हणून जात कोणती हे लिहून घ्या. शेजाऱ्याच्या पिकावर सावली पडत असेल तर त्यालाही आधी विचारा.

चौथा : पुढे एखाद्या कंपनीने याच झाडांच्या कर्बाचे पैसे देऊ केले तर हक्क कोणाचा? एकच कर्ब दोन खात्यांत मांडता येत नाही, जशी एक म्हैस दोन गिऱ्हाइकांना विकता येत नाही. कॉलेजच्या खात्यात गेला की तो तुमचा राहिला नाही.

उत्तरे लेखी आली आणि मनास पटली तर खुशाल सही करा. गुळमुळीत आली तर झाडे स्वतःच्या हौसेने, स्वतःच्या नावाने लावा.

एक गोष्ट मात्र आपणही पाळू या. गळीत हंगामात दौंड-शिरूरच्या शिवारात संध्याकाळी पाचटाचे लोट उठतात. तो धूर घरच्या लेकरांच्या छातीत जातो आणि नत्रासकट सोने जळते. एकरी तीन-चार टन पाचट असते. बुडखे जमिनीलगत छाटून ते सरीत पसरा. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धक टाकून पाणी द्या. जमिनीचा कर्ब वाढेल, पाण्याची पाळी लांबेल. कॉलेजला हिशोब विचारणाऱ्याचे स्वतःचे शिवार पेटलेले असू नये.

आणि मुलाला रागावू नका. तो सही करा म्हणतो त्यात त्याची तळमळ आहे. सुट्टीत घरी येईल तेव्हा त्याला एक काम द्या. आपल्या घरची वीज, गॅस, मोटारीचे युनिट आणि ट्रॅक्टरचे डिझेल यांचा वर्षाचा जमाखर्च त्यालाच वहीत मांडू द्या. तीच वही घेऊन तो कॉलेजात गेला आणि गुरुजींना म्हणाला, “आमचा हिशोब झाला, आता आपला मांडू या,” तर त्या कॉलेजच्या कामाला खरी सुरुवात झाली असे मी समजेन.

आपला,
विस्तार अधिकारी (कृषि)