रोज तोच क्रम

गेल्या अंकात गुडघेदुखीवर लिहिलं, तेव्हा बऱ्याच घरांतून एकच विचारणा आली. जिमला जाणं होत नाही, बाहेर चालायला वेळ मिळत नाही. घरातल्या घरात करता येईल असं काही सांगा. या वेळी तेच सांगतो. नावड्यात शेजारशेजारच्या दोन घरांतले आम्ही नऊ वर्षांपासून रोज ताई ची करतो. फजरनंतर, चहाच्या आधी, वीस मिनिटं. पुरुष गच्चीवर, बायका हॉलमध्ये सोफा भिंतीला सरकवून.

ताई ची हा चिनी प्रकार. सतराव्या शतकात हेनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावात तो लढाईची विद्या म्हणून वाढला. पुढे यांग घराण्याने त्याला आजचं संथ, मोठ्या हालचालींचं रूप दिलं. 1956 मध्ये चीनच्या सरकारी क्रीडा आयोगाने सामान्य माणसासाठी 24 हालचालींचा एक छोटा क्रम बसवला. आम्ही करतो तो हाच. पाच-सहा मिनिटांत संपतो. हालचालींची नावं मोठी गमतीची आहेत: घोड्याची आयाळ विंचरणं, पांढऱ्या बगळ्याने पंख पसरणं, ढगांसारखे हात, एका पायावर उभा कोंबडा. घरातली मुलं नावांवरूनच शिकली.

‘हे आपल्यात चालतं का?’ असंही काही भगिनींनी विचारलं आहे. काही शिक्षक यिन-यांगचं तत्त्वज्ञान सांगतात, कुठे वर्गाच्या सुरुवातीला वाकून नमस्कार घालतात. आम्ही ते घेतलं नाही, आणि त्यावाचून काही अडलंही नाही. 24चा क्रम मुळात लोकांची तब्येत सुधारावी म्हणून बसवलेली कवायत आहे. शिवाय चीनमधल्या हुई मुसलमानांची कुस्ती-कसरतीची परंपरा फार जुनी. त्यांच्यातले वांग झिपिंग (1881-1973) हे हेबेई प्रांतातल्या कांगझोऊचे नामवंत पैलवान, आणि हाडं-सांधे बसवणारे वैद्यही. 1928 मध्ये नानजिंगच्या राष्ट्रीय युद्धकला संस्थेत एका विभागाचे ते प्रमुख झाले. उतारवयात त्यांनी दुखण्यांवर वीस व्यायामांचा एक संच बसवला. त्यांची मुलगी वांग जुरोंग याच विद्येची शिक्षिका झाली. दुसरीकडे कुणी म्हणतं, नमाजमध्ये व्यायाम होतोच की. नमाज इबादत आहे. तिला व्यायामाच्या हिशोबात बसवणं आम्हांला रुचत नाही. दोन्हींची जागा वेगळी.

आता मुद्द्याचं. क्रम पाठ व्हायला तीन-चार महिने पुरतात, आणि बहुतेक लोक तिथेच सोडतात, नाहीतर नवा लांब क्रम शिकायला धावतात. खरं शिकणं त्यानंतरचं. कायदा शिकवणारे उस्ताद पोराला एकाच हर्फावर आठवडाभर थांबवतात ना, तसं. आम्ही पहिल्या वर्षानंतर हात बाजूलाच ठेवले. हात कमरेमागे बांधायचे आणि नुसते पाय करायचे, असं सहा महिने चाललं. कारण सगळं वजनात आहे. एका वेळी एका पायावर पूर्ण वजन, दुसरा रिकामा. रिकामा पाय पुढे टाकायचा, टाच अलगद टेकवायची, आणि मगच वजन हळूहळू त्याच्यावर न्यायचं. आपण एरवी चालतो ते जवळजवळ पुढे पडत आणि पायाने सावरत. इथे तसं नाही. मध्येच कुणी ‘थांबा’ म्हटलं, तर टेकलेला पाय उचलून परत मागे घेता आला पाहिजे. मांजर भिंतीवरून चालते तशी ही चाल. करून बघा, पहिल्याच दिवशी मांड्या थरथरतात.

गुडघ्यांचं मात्र जपायचं. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेच वाकावा, बोटांच्या पुढे जाऊ नये. वळताना आधी पायावरचं वजन कमी करायचं आणि मग टाच किंवा चवडा फिरवायचा. भार असलेल्या पायावर तसंच वळलं की पीळ गुडघ्यात बसतो. व्हिडिओ पाहून एकट्याने शिकणाऱ्यांना हे कळत नाही, कारण पडद्यावर हात दिसतात, वजन दिसत नाही. निदान पहिले काही महिने जाणत्या माणसाची नजर हवी. आमच्यावर वाशीला शिकवणाऱ्या एका शिक्षकांची होती. खाली किती बसायचं याचीही चढाओढ नको. उंच उभं राहून केलेला क्रमही क्रमच असतो.

पायांनंतर कंबर. हात आपले आपण हलत नाहीत, कंबर वळते आणि हात तिच्यामागे येतात. हे समजायला दोन वर्षं गेली. मग खांदे सोडणं. श्वास नाकाने, आपल्या गतीने. तो मुद्दाम लांबवायचा नाही. पाच मिनिटांचा क्रम आता आठ मिनिटं घेतो. संथ करणं अवघडच, कारण वेगात झाकलेला तोल संथपणात उघडा पडतो.

एवढा खटाटोप कशाला? घरातली दादी न्हाणीघरात घसरते, खुब्याचं हाड मोडतं, आणि चालतं-फिरतं माणूस खाटेला खिळतं. असं एक तरी घर आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहे. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात सत्तरीपुढच्या 670 जणांवर एक अभ्यास झाला. तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा एक तास, असं 24 आठवडे तोल सावरण्याची खास ताई ची करणाऱ्यांचं पडण्याचं प्रमाण नुसते ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा 58 टक्क्यांनी कमी निघालं. इतर मिश्र व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही 31 टक्क्यांनी कमी. 2016 च्या दुसऱ्या अभ्यासात गुडघ्याच्या संधिवाताचे 204 रुग्ण होते. त्यांना बारा आठवड्यांच्या ताई चीचा गुण फिजिओथेरपीइतकाच आला. झिजलेला गुडघा यामुळे नवा होत नाही, आणि खुर्चीवर नमाज पढणारे सगळे पुन्हा जमिनीवर येतील असा वायदाही आम्ही करणार नाही. आमच्यातल्या एक खाला मात्र सज्द्यातून उठताना आता हात टेकत नाहीत.

जागेचं म्हणाल, तर दहा-बारा फूट पुरतात. तेवढीही नसेल, तर ‘ढगांसारखे हात’ जागच्या जागी करा. अडचण खरी आहे ती वेळेची, आणि ती बायकांची आहे. डबे, शाळेची बस, लोकलची घाई यांत वीस मिनिटं मागितली की घरात कुणाला तरी काहीतरी हवंच असतं. आमच्याकडे त्या वीस मिनिटांचा चहा पुरुष करतात. हे ठरवून घ्यावं लागलं, आपोआप झालं नाही.

पावसाळ्यात गच्चीवर शेवाळ धरतं, तेव्हा सगळं घरातच. थंडीत कधी पहाटे कारखान्यांच्या बाजूने वास येतो, त्या दिवशीही खिडक्या लावून आतच. रमजानमध्ये इफ्तारच्या आधी अर्धाच क्रम, उंच उभं राहून. आणि दादीसाठी जड, न सरकणारी खुर्ची भिंतीला लावून ठेवावी. पाठ धरून उभं राहायचं, वजन उजव्या पायावर न्यायचं, मग डाव्या, प्रत्येकी दहा वेळा. महिन्याभराने दोन हातांऐवजी एक हात, पुढे नुसती बोटं. चक्कर येत असेल किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारून. पायात मोजे नकोत, फरशीवर घसरतात.