परवान्यानंतरची जबाबदारी

ऑगस्ट 2010 मध्ये डिप्यू कंपनीने ‘एएसआर’ हा कृत्रिम खुबा जगभरातून परत मागवला. ऑस्ट्रेलियात त्याची विक्री 2009 अखेरीसच थांबली होती. तिथल्या राष्ट्रीय सांधेरोपण नोंदवहीत पुन्हा कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रियांचे वाढते प्रमाण दिसत होते. भारतात असे सुमारे 4700 खुबे बसवले गेले, पण केंद्राची तज्ज्ञ समिती नेमली गेली 2017 मध्ये. धातूवर धातू घासून कोबाल्ट-क्रोमियम रक्तात उतरत असताना अनेक रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता.

नियम कडक केले तर रोपणे उशिरा येतील, महागतील, हा आक्षेप रास्त आहे. मात्र रोपणाचा क्रमांक आणि रुग्णाचा पत्ता नोंदवायला असा कितीसा खर्च येतो? पुण्यात खुबा बदलून मुळशीतल्या गावी परतलेल्या रुग्णापर्यंत धोक्याची सूचना पोहोचलीच पाहिजे. सरकारने ही नोंद प्रत्येक रुग्णालयाला सक्तीची करावी.