क्रीडोद्यानाच्या दारीं मुक्काम

उद्यान हा शब्द आपण आज बाग या अर्थानें वापरतों. परंतु 'उद्' हा उपसर्ग आणि 'या' म्हणजे जाणें हा धातु, यांपासून तो झाला असून त्याचा मूळ अर्थ 'बाहेर पडणें' असाच आहे. घर सोडून, नित्याचा उद्योग बाजूस ठेवून, जेथें जावयाचें तें उद्यान. हा मूळ अर्थ हल्लीं पुन्हां खरा होऊं लागला आहे. दिवाळीची किंवा मे महिन्याची सुटी जवळ आली म्हणजे घरोघरीं मुलांचा हट्ट सुरू होतो, आणि तो आतां पन्हाळ्याचा किंवा नृसिंहवाडीचा राहिलेला नाहीं. एखादी कल्पना धरून रचलेलीं, पाळण्यांनीं आणि पाण्याच्या घसरगुंड्यांनीं भरलेलीं जीं मोठीं क्रीडोद्यानें निघालीं आहेत, ज्यांस 'थीम पार्क' म्हणतात, तेथें मुलांस जावयाचें असतें. आमच्या बिद्रीसारख्या गांवींही हा हट्ट येऊन पोंचला आहे. तिकिटांचा प्रश्न कसाबसा सुटला, कीं दुसरा उभा राहतो: मुक्काम कोठें करावा? लहान मुलें बरोबर असणाऱ्या गृहस्थानें कोणतें हॉटेल निवडावें? विषय किरकोळ वाटेल. पण त्यांत पैसा आहे, प्रकृति आहे आणि घरांतील माणसांचें मन आहे. म्हणून या महिन्यांत त्याचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

क्रीडोद्यान आणि हॉटेल यांची जोडी कशी जमली हें प्रथम पाहूं. वॉल्ट डिस्नेनें कॅलिफोर्नियांत अ‍ॅनाहाइम येथें आपलें डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजीं उघडलें. उद्यान उभारण्यांतच त्याचें भांडवल खर्ची पडलें होतें. म्हणून शेजारचें हॉटेल जॅक रॅदर नांवाच्या उद्योजकानें बांधलें, व तें त्याच वर्षीं ऑक्टोबरांत सुरू झालें. पुढें १९७१ सालीं फ्लॉरिडांत दुसरें उद्यान उघडलें, तेव्हां त्याच्याबरोबर दोन मोठीं हॉटेलेंही उघडलीं. दिवसभर खेळून थकलेलें कुटुंब बाहेर कोठें तरी जेवतें, निजतें, आणि तो पैसा दुसऱ्याच्या पेटींत पडतो, हें मधल्या सोळा वर्षांत चालकांस पुरतें कळून चुकलें होतें.

आपल्याकडेही क्रम हाच. मुंबईजवळ गोराई येथें १९८९ सालीं एस्सेलवर्ल्ड निघालें, तेव्हां मंडळी बोटीनें खाडी ओलांडून जात आणि संध्याकाळीं घरीं परतत. मुक्कामाचा प्रश्न सहसा येत नसे. हैदराबादेजवळ रामोजी चित्रनगरी १९९६ सालीं उभी राहिली आणि तिच्या आवारांतच हॉटेलें झालीं. बंगळूरजवळ बिडदी येथील वंडरला २००५ सालचें. त्याच्या आवारांतील मुक्कामाची सोय २०१२ सालची. आपल्या महाराष्ट्रांत खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका २०१३ सालीं उघडलें, पुढच्या वर्षीं पाण्याचें उद्यान झालें, आणि २०१५ सालीं दाराशीं हॉटेल आलें. या सर्वांवरून एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हॉटेल उद्यानाच्या दारीं येतें तें चालकाच्या हिशेबानें. आपणांस तेथें उतरावयाचें किंवा नाहीं, हें मात्र आपण आपल्या हिशेबानें ठरवावें.

बिद्रीच्या कुटुंबाचा हिशेब मुंबई-पुण्याच्या कुटुंबाहून निराळा आहे. बिद्रीहून कोल्हापूर, तेथून पुणें सुमारें २३० किलोमीटर, त्यापुढें बोरघाट उतरून खोपोली. लहान मुलांस घेऊन, मध्यें जेवणखाण करीत, सबंध दिवस यांत जातो. रेल्वेनें जाणाऱ्यांस लोणावळ्यास किंवा कर्जतास उतरून पुढें मोटार करावी लागते. म्हणजे एका दिवसांत जाऊन येणें आपणांस शक्यच नाहीं. निदान दोन रात्री घराबाहेर काढाव्या लागणार. प्रश्न एवढाच, कीं त्या दोन्ही रात्री महागड्या खोलींत काढण्याची गरज आहे काय?

येथें आमचें मत स्पष्ट आहे. दाराजवळच्या हॉटेलाचें खरें मोल त्याच्या झुंबरांत नाहीं, गालिच्यांत नाहीं. तें लहान मुलाच्या दुपारच्या झोपेंत आहे. तीन-चार वर्षांचें मूल सकाळीं अकरापासून उन्हांत, गर्दींत आणि कर्णकर्कश वाद्यांत असतें. दोन वाजले कीं तें किरकिरूं लागतें, चार वाजतां जमिनीवर लोळण घेतें, आणि सहा वाजतां जेव्हां दिवे लागून खरी मौज सुरू होते, तेव्हां बापाच्या खांद्यावर निजलेलें असतें. तिकिटाचा अर्धा पैसा फुकट गेला. दुपारीं दोन तास जर त्यास अंधाऱ्या, थंड खोलींत निजवितां आलें, तर संध्याकाळ त्याची आणि आईचीही सुखाची होते. खोली पंधरा किलोमीटरांवर असेल, तर हें साधत नाहीं. जाण्यायेण्यांतच झोपेची वेळ निघून जाते. यावरून नियम असा निघतो: पांच वर्षांच्या आंतील मूल बरोबर असेल, तर उद्यानाचा दिवस ज्या रात्रीस लागून आहे ती एक रात्र दाराशीं काढावी. सर्व मुलें आठ वर्षांच्या वरचीं असतील, तर गांवांतील साधा, स्वच्छ लॉज पुरे; उरलेल्या पैशांत त्यांस पुस्तकें घेऊन द्यावीं.

परंतु या नियमास एक अट आहे, आणि ती बहुतेकांच्या ध्यानांत येत नाहीं. दुपारीं बाहेर पडल्यावर त्याच तिकिटावर पुन्हां आंत सोडतात काय? हा प्रश्न खोली घेण्यापूर्वी विचारावा, आणि उत्तर लेखी मागवावें. सोडत असतील, तर जवळच्या खोलीस अर्थ आहे. सोडत नसतील, तर ती दाराशीं असली काय आणि दहा कोसांवर असली काय, सारखेंच.

दुसरा प्रश्न खोली ताब्यांत मिळण्याच्या वेळेचा. हॉटेलांत ती बहुधा दुपारीं दोन-तीन वाजतां मिळते व दुसऱ्या दिवशीं अकरा-बारा वाजतां सोडावी लागते. सकाळीं सातास पोंचलेलें कुटुंब ताटकळत बसतें. मात्र ही गोष्ट जाणून बेत आंखला, तर तीच सोयीची होते: सकाळीं सामान हॉटेलाच्या स्वाधीन करून उद्यानांत जावें, आणि दोन वाजतां, झोपेच्या नेमक्या वेळीं, खोलीची किल्ली घ्यावी.

तिसरा प्रश्न माणसांच्या मोजणीचा. 'दोन मोठे व दोन लहान' असें म्हणतांना लहान कोणास म्हणावें हें प्रत्येक ठिकाणीं वेगळें असतें. हॉटेल वय विचारतें; उद्यान पुष्कळदां उंची मोजतें. तिकीट अर्धें कीं पूर्ण हेंही कित्येक ठिकाणीं उंचीवरच ठरतें, आणि मोठ्या पाळण्यांत बसूं द्यावयाचें कीं नाहीं तें तर उंचीवरच ठरतें, कारण अडसर मुलाच्या अंगास घट्ट बसला नाहीं तर धोका असतो. म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येक मुलास दाराच्या चौकटीशीं उभें करून पेन्सिलीनें खूण करावी व सेंटिमीटर मोजावे. 'तुला या पाळण्यांत बसतां येणार नाहीं' हें घरीं सांगितलेलें मूल मुकाट्यानें ऐकतें; तासभर रांगेंत उभें केल्यावर सांगितलें, तर त्याचे अश्रु आवरत नाहींत.

खोली पाहतांना शोभा शेवटीं पाहावी. गॅलरीचा कठडा मुलाच्या छातीच्या वर येतो काय, आणि त्याच्याजवळ चढून उभें राहतां येईल अशी खुर्ची तर नाहीं ना? पोहण्याच्या हौदास कुंपण आहे काय? न्हाणीघरांतील ऊन पाण्याची तोटी मुलाच्या हातास पोंचते काय? तोल जाऊन पाण्यांत पडलेलें लहान मूल ओरडत नाहीं, निमूटपणें बुडतें; म्हणून 'तेथें माणूस ठेवलेला आहे' या भरंवशावर आई-बापांनीं पाठ फिरवूं नये. मोठीं माणसें चार असलीं, तरी हौदापाशीं लक्ष ठेवणारें एकच माणूस नांवानिशीं नेमावें. चौघांवर सोंपविलेलें काम कोणाचेंच नसतें.

अन्नाचा विचार आपल्या घरांस विशेष लागू आहे. उद्यानांत बाहेरचे पदार्थ बहुधा नेऊं देत नाहींत. तान्ह्या मुलाच्या अन्नास व औषधांस सवलत आहे काय, हें विचारून ठेवावें. खोलीच्या भाड्यांत सकाळची न्याहारी धरलेली असेल, तर ती पोटभर करून निघावें. घरांत कांदा-लसूण न खाणारें वडील माणूस असेल, तर आदल्या दिवशीं हॉटेलास कळविल्यास साधा वरण-भात, दहीं-भात मिळण्यास सहसा अडचण पडत नाहीं. आयत्या वेळीं मागितल्यास पडते.

भाड्याबरोबर कराकडेही लक्ष द्यावें. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर दिवसास साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर वस्तु व सेवा कर शेंकडा ५ आहे. त्यापुढच्या खोलीवर तो शेंकडा १८ आहे. म्हणजे ७,४०० रुपयांची खोली ७,७७० रुपयांस पडते, आणि ७,६०० ची ८,९६८ रुपयांस. दोनशें रुपयांच्या फरकापोटीं सुमारें बाराशें रुपये अधिक जातात. बैठकींत ज्यांनीं एवढें गणित केलें, त्यांचा एका दिवसाच्या जेवणाचा खर्च सुटला.

ऋतूचें म्हणाल, तर खोपोली सह्याद्रीच्या पायथ्याशीं असल्यानें जून ते सप्टेंबर तेथें पाऊस धो धो कोसळतो. विजा होऊं लागल्या कीं उघड्यावरचे पाळणे थांबतात. मे महिन्यांत ऊन सोसत नाहीं. डिसेंबर-जानेवारींतील शनिवार-रविवार व नाताळ टाळून मधल्या वारीं गेल्यास भाडें कमी, रांगा लहान आणि हवा चांगली.

आतां या विषयांतील सर्वांत नाजूक गोष्ट सांगतों. आमच्या परिचयाचें एक घर आहे. थोरले बंधु गांवीं आईजवळ राहून ऊसशेती पाहतात; धाकटे पुण्यास संगणकाच्या धंद्यांत आहेत. थोरल्यांचा मुलगा दहा वर्षांचा व मुलगी सहा वर्षांची. धाकट्यांचें मूल चार वर्षांचें. धाकट्यांनीं मोठ्या प्रेमानें पत्र धाडावें तसा निरोप धाडला, कीं दाराजवळच्या हॉटेलांत तीन खोल्या तीन रात्री घेतों, खर्च सगळा माझा. थोरले म्हणाले, 'तुम्ही तेथें राहा. आम्ही गांवांत लॉजवर उतरूं.' आईच्या डोळ्यांस पाणी आलें. ती आमच्याकडे विचारावयास आली.

दोघांचेंही चुकलें होतें असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु मुलें हिशेब न शिकवितां शिकतात. संध्याकाळीं एक भावंड उजळलेल्या दारांतून आंत जातें आणि दुसरें रिक्षाची वाट पाहतें, हें दृश्य दहा वर्षांचा मुलगा जन्मभर विसरणार नाहीं. दुसऱ्या बाजूस, आपला बाप भावाच्या पैशानें उतरला आहे, हेंही तो ओळखल्यावांचून राहत नाहीं. म्हणून आम्हीं एवढेंच सुचविलें, कीं उतरावें तर सर्वांनीं एकत्र, आणि बेत असा लहान करावा कीं त्याचा अर्धा वांटा थोरल्यांस आनंदानें देतां येईल.

त्याप्रमाणें बेत बदलला. ऊसाच्या पहिल्या बिलाचे पैसे जमा झाल्यावर, डिसेंबरांतील मधला वार धरला. पहिली रात्र पालीस देवस्थानच्या भक्तनिवासांत काढली. पहांटे आईस बल्लाळेश्वराचें दर्शन झालें. तेथून उद्यान सुमारें पाऊण तासाच्या वाटेवर. दाराशीं एकच रात्र, आणि तीनांच्या जागीं दोनच खोल्या घेतल्या. लग्नकार्यांत करतात तशी व्यवस्था केली: बायका व धाकटीं मुलें एकींत, पुरुष व थोरला मुलगा दुसरींत, आणि एक जादा गादी. दुपारीं चार वर्षांचें मूल आजीच्या कुशींत निजलें, तेव्हां थोरलीं दोघें काकाबरोबर खेळत होतीं. परततांना महडचा वरदविनायकही पदरांत पडला. खर्चाचे दोन सारखे भाग झाले. शाळा तीन दिवस बुडविण्यास आमची संमति मागितली गेली. ती आम्हीं तत्काळ दिली.

ज्यांस हाही खर्च झेपण्यासारखा नाहीं, किंवा ज्यांचें मूल अद्याप तीन वर्षांचें झालेलें नाहीं, त्यांनीं खंत करूं नये. एवढ्या लहान मुलास पाळणा आणि समुद्र यांतील भेदही पुढें आठवत नाहीं. कोल्हापुराजवळ कणेरीच्या मठांत सिद्धगिरीचें ग्रामजीवन संग्रहालय आहे. कुंभार, लोहार, नांगरणारा शेतकरी, मोटेचे बैल, हे सर्व तेथें मूर्तिरूपानें जसेच्या तसे उभे आहेत. बिद्रीहून सकाळीं निघालें तर मूल संध्याकाळीं आपल्याच अंथरुणांत निजतें, आणि हॉटेल निवडण्याचा प्रश्नच राहत नाहीं.

मोठें झाल्यावर मात्र त्यास अवश्य न्यावें. नेतांना, हॉटेलाच्या नांवापुढें तारे किती आहेत हें मोजण्यापूर्वी, बरोबर येणारीं माणसें मोजावीं: कोण दुपारीं निजतें, कोणास जिना चढवत नाहीं, कोणाच्या खिशास काय पेलतें. एवढें मोजून झाल्यावर बहुधा एक-दोनच जागा उरतात, आणि त्यांतील कोणतीही घेतली तरी चालते.