सावकाश धावण्याची लाज

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन होते आणि पुढच्या आठवड्यापासून आमच्या मैदानावर कोरे करकरीत बूट दिसू लागतात. केशरी, पोपटी, लेसला अजून धूळ न लागलेले. बूटवाले बहुतेक चाळिशीच्या आसपासचे. आल्या आल्या जे सुसाट सुटतात, ते पहिली फेरी पुरी व्हायच्या आत कमरेवर हात ठेवून वाकलेले असतात. चार दिवस हेच. मग नडगी दुखायला लागते, मग लग्नसराई येते आणि बूट थोरल्या मुलाला होतात. ‘आपल्यात दमच राहिला नाही हो,’ असं ते भाजीच्या गाडीवर भेटले की सांगतात. मला ते पटत नाही. त्यांना आडवी येते ती हळू धावण्याची लाज.

शेजारून भरतीची पोरं उधळलेली असतात. त्यांचं गणित निराळं. पोलीस भरतीत १६०० मीटर किती वेळात संपवले यावर गुण ठरतात, सेकंद हुकला की गुण गेला. बँकेत नोकरी करणाऱ्या गृहस्थाला कुणी गुण देणार नसतं, तरी तो चाल पोरांची धरतो. कारण त्याहून हळू धावलं, तर काठी टेकत फिरणारे आजोबा पुढे निघून जातील आणि कट्ट्यावरचे लोक ते बघतील.

आजोबांनी मागे टाकण्यात कमीपणा मानणाऱ्यांनी बिल बॉवरमन यांचा किस्सा ऐकावा. हे अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाचे धावण्याचे नामांकित प्रशिक्षक. पुढे फिल नाइट यांच्याबरोबर नायके कंपनी उभी केली ते हेच. १९६२ मध्ये ते न्यूझीलंडला आर्थर लिडियार्ड यांना भेटायला गेले. लिडियार्ड यांचे दोन चेले, ८०० मीटरमध्ये पीटर स्नेल आणि ५००० मीटरमध्ये मरे हालबर्ग, १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी सुवर्णपदकं घेऊन आले होते. लिडियार्ड यांनी पाहुण्याला ऑकलंडच्या सामान्य नागरिकांबरोबर टेकडीवर धावायला नेलं. पन्नाशी ओलांडलेले बॉवरमन थोड्याच वेळात मागे पडले. त्यांना सोबत म्हणून एक गृहस्थ मागे थांबले आणि गप्पा मारत बरोबर धावू लागले. वय सत्तरीच्या पुढे, आणि हृदयविकाराचे झटके येऊन गेलेले! बॉवरमन तिथून परतले ते सावकाश धावण्याचे प्रचारक होऊन. १९६७ मध्ये एका हृदयरोगतज्ज्ञाबरोबर त्यांनी ‘जॉगिंग’ हे पुस्तक लिहिलं आणि अमेरिकेला त्याचं वेड लागलं.

लिडियार्ड ८०० मीटरच्या धावपटूकडूनही आधी लांब, बेताच्या वेगाची धाव महिनोन्‌महिने करून घेत. वेगाचा सराव नंतर. आपल्याकडे ललिता बाबर यांची वाटचालही लांब पल्ल्याकडून आखूड पल्ल्याकडे झाली. माण तालुक्यातल्या मोही गावची ही मुलगी आधी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिली आली, मग ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत धावली.

दम वाढतो म्हणजे फुप्फुसं मोठी होतात, अशी समजूत आहे. फुप्फुसं जवळजवळ आहेत तशीच राहतात. बदलतं ते हृदय. दर ठोक्याला ते जास्त रक्त ढकलू लागतं. मांडीच्या, पोटरीच्या स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं आणि पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया वाढतात. हे सगळं संथ धावण्यानेही घडतं, आणि संथ धाव दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा झेपते. खरी गोम पुढे आहे. हृदय काही आठवड्यांत तयार होतं, पण हाडं आणि टाचेमागची शीर यांना महिने लागतात. म्हणून नवखा माणूस साधारण दुसऱ्या महिन्यात, आता जमतंय असं वाटू लागतं नेमका तेव्हाच, जायबंदी होतो.

सुरुवात किती कमी असावी? जॉश क्लार्क या अमेरिकन तरुणाने १९९६ मध्ये आपली आई डोळ्यांपुढे ठेवून नऊ आठवड्यांचा एक कार्यक्रम आखला, तो आज जगभर चालतो. पहिल्या आठवड्यात ६० सेकंद धावायचं, ९० सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं; आठवड्यातून तीनदा. बस्स. चालणं हा त्यातला मुख्य भाग आहे, शिक्षा नव्हे. एखादा आठवडा झेपला नाही तर तोच पुन्हा करावा. दर आठवड्याला दहा टक्के अंतर वाढवा, हा सल्ला सगळे देतात. आठवड्याला पाच किलोमीटर धावणाऱ्याचे दहा टक्के म्हणजे अर्धा किलोमीटर. त्यासाठी वही कशाला हवी? मधुमेह, रक्तदाब असेल किंवा छातीत दुखत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.

वेग बरोबर आहे का, हे बघायला हजारो रुपयांचं घड्याळ लागत नाही. धावता धावता मनाचा एखादा श्लोक मोठ्याने म्हणावा. भुजंगप्रयात वृत्त, ओळीला बारा अक्षरं. ओळ मध्येच तुटली तर वेग जास्त आहे. श्लोकामागून श्लोक घडाघडा येऊ लागले तर थोडा वाढवायला हरकत नाही. पाठ नसेल त्याने बायकोशी फोनवर बोलावं, तिला धाप ऐकू आली की ती सांगेलच.

बायकांच्या बाबतीत ही लाज दुप्पट होते. पंजाबी ड्रेसखाली स्पोर्ट्स शूज घालून संथ धावणारी बाई दिसली की ‘काकू, बस चुकली का?’ म्हणणारा कुणीतरी असतोच. पुरुषाने दोन फेऱ्यांत नाद सोडला तर त्याचा आळस, बाईने सोडला तर ‘तरी म्हटलं होतं’. टोमणे चुकवायला पहाटेच्या अंधारात यावं, तर कुत्र्यांची आणि माणसांचीही भीती. मला विचाराल तर दोघी-तिघींनी मिळूनच सुरुवात करावी. सोबत होते, आणि गप्पा चालू राहिल्या की वेग आपोआप आटोक्यात राहतो.

जानेवारीत सुरुवात करणाऱ्यांसाठी आणखी एक. एप्रिल-मे आला की त्याच रस्त्यावर, त्याच वेगात नाडी जास्त पळू लागते, कारण घाम काढून अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडेही पाठवावं लागतं. अकोला-नागपूरकडे तर उजाडायच्या आधीही हवा तापलेलीच असते. अशा वेळी केलेली मेहनत वाया गेली असं वाटून लोक सोडून देतात. तेव्हा खुशाल मध्ये मध्ये चालावं. वेळ लावून बघण्याची हौस असेलच, तर ती मृगाचा पाऊस पडून गेल्यावर भागवावी.