वांगावर समुद्री शेवाळ : आधी सनस्क्रीन, मग सीरम

"डॉक्टर, गालावरच्या वांगासाठी समुद्री शेवाळाचं सीरम लावू का? नैसर्गिक आहे, उन्हापासूनही वाचवतं म्हणे!" हा प्रश्न हल्ली बरेच जण विचारतात. म्हणून आज त्याविषयी थोडं सविस्तर.

या दाव्यामागे थोडं शास्त्र नक्की आहे. ओहोटीच्या वेळी खडकांवरचं शेवाळ तासन् तास उन्हात राहतं. त्यापासून वाचण्यासाठी पॉर्फिरासारखी लाल शेवाळं मायकोस्पोरिनसदृश अमिनो आम्लं तयार करतात. ही द्रव्यं साधारण ३१० ते ३६० नॅनोमीटरच्या पट्ट्यातली अतिनील किरणं शोषून घेतात. तपकिरी शेवाळात फ्लोरोटॅनिन असतात. मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार होण्यासाठी लागणाऱ्या टायरोसिनेज या एन्झाइमला ते प्रयोगशाळेत अडवतात.

मग अडचण कुठे आहे? परीक्षानळीत दिसलेला परिणाम चेहऱ्यावर तसाच दिसेल याची खात्री नसते. त्वचेचा वरचा थर ओलांडून पुरेसं द्रव्य खालच्या रंगपेशींपर्यंत पोहोचावं लागतं. त्यात किती अर्क घातला आहे, हे बाटलीवर बहुधा लिहिलेलं नसतं. शिवाय एसपीएफ ठरतो तो संपूर्ण उत्पादनाची चाचणी करून, तीही त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा जाड थर देऊन. त्यामुळे 'शेवाळयुक्त' या शब्दावरून उन्हापासून किती संरक्षण मिळेल, ते कळत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. सीरम आवडत असेल तर जरूर लावा, पण सनस्क्रीनच्या जागी नको. सनस्क्रीन सोडून नुसतं सीरम लावत राहिलात, तर पैसे जातील आणि वांग गडद होत जाईल. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत दृश्य प्रकाशानेही वांग वाढतं. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत (टिंटेड) सनस्क्रीन अधिक उपयोगी.

एवढं लक्षात ठेवा :

• एसपीएफ ३० किंवा अधिक आणि यूव्हीए संरक्षण असलेलं सनस्क्रीन निवडा.
• चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीइतकं घ्या. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा.
• छत्री, टोपी, ओढणी वापरा.
• नवीन सीरम आधी कोपराच्या आतल्या बाजूला काही दिवस लावून पाहा. नैसर्गिक पदार्थाचीही ॲलर्जी होऊ शकते.
• 'गोरं करणारी' स्टेरॉइडयुक्त क्रीम मनाने लावू नका.

गरोदर असाल, गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल किंवा एखादा डाग आकार-रंग बदलत असेल, तर सीरम शोधत बसू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.